गुळाच्या पेढीवर ग्लुकोमीटर: सात महिन्यांचा हिशेब

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत पेढीवर मी दिवाणजी आहे. वय 47. एकवीस वर्षं गूळ बघतोय, हुंगतोय, चाखतोय आणि त्याची बिलं करतोय. असल्या माणसानं रक्तातली साखर मोजायचं यंत्र घेतलं, ही बातमी यार्डात सौद्याच्या दरापेक्षा लवकर पसरली.

यंत्र ऑगस्टमध्ये घेतलं, आता मार्च संपत आलाय. पाचपैकी साडेतीन तारे देतो. दीड कुठं कापले ते पुढं येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही. मेडिकलवाल्यानं काउंटरवर चार यंत्रं मांडली होती, चारही एका घडणीची वाटली. त्यातलं आकडे मोठे दिसणारं उचललं, कारण आईलाही वापरायचं होतं.

आईला बावीस वर्षं शुगर आहे. डोळ्याला लेसर झालंय, पायाला मुंग्या असतात. मला मात्र 'आपल्याला काय होतंय' असंच वाटायचं. जुलैमध्ये खांदा धरला म्हणून डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी खांदा राहू दिला बाजूला आणि पोटाला टेप लावली. 98 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना 90 च्या आत आणि बायकांना 80 च्या आत कंबर असावी म्हणतात. मग रक्त तपासलं. उपाशीपोटी 112, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी, 6.1. उपाशीपोटी 100 ते 125 आणि एचबीएवनसी 5.7 ते 6.4 हा मधला पट्टा, प्रीडायबेटिस. उपाशीपोटी 126 किंवा एचबीएवनसी 6.5 गाठलं की डायबेटिस. म्हणजे मी उंबऱ्यावर बसलो होतो, आणि तेही पाय आत सोडून.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी चहात साखर घालतच नाही. गूळच घालतो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या यार्डात माल येतो तेव्हा काय होतं ते सांगा."

"हमाल गाडीतनं उतरवतात, गोडाऊनला लावतात."

"इन्सुलिन म्हणजे हमाल. गोडाऊन म्हणजे तुमचे स्नायू आणि लिव्हर. गोडाऊन आधीच गच्च असलं तर?"

"हमाल जास्त लागतात. आणि वेळ लागतो."

"तेच. तुमचं स्वादुपिंड गेली कित्येक वर्षं जादा हमाल पाठवतंय, म्हणून रिपोर्ट चांगले येत होते. आता ते दमायला लागलंय. पूर्ण दमलं की माल रस्त्यावर."

मग उपाशीपोटी आकडा का वाढतो, रात्रभर तर काहीच खाल्लेलं नसतं, असं विचारलं. तर म्हणे, लिव्हर रात्री स्वतःहून थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. इन्सुलिननं 'बास' म्हटलं की थांबायचं. चरबी साठलेलं लिव्हर ते ऐकत नाही. आमच्या गोडाऊनला रात्री मागच्या दारानं माल बाहेर जायला लागला तर काय होईल, ते मला लगेच कळलं.

यंत्र घ्या असं ते म्हणाले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगतो. उलट म्हणाले, या टप्प्यावर रोज बोट टोचायची गरज नाही, तीन-सहा महिन्यांनी लॅबमध्ये तपासा. घ्यायचंच असेल तर आईसाठी घ्या, आणि महिनाभर स्वतःवर प्रयोग करून बघा. हा सल्ला मला आवडला. हिशेबाच्या माणसाला वही दिली की तो वहीतच रमतो.

खोक्यात यंत्र, पंचवीस पट्ट्या, टोचायचं पेन, तेवढ्याच लॅन्सेट सुया आणि एक चेनची पिशवी. पट्टी घातली की यंत्र आपोआप चालू. बोटाच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही. मधोमध जास्त दुखतं आणि नंतर पेन धरतानाही कळ येते. मोहरीपेक्षा लहान थेंब पट्टीच्या टोकाला लावला की पट्टी तो आत ओढून घेते. पाच सेकंदांत आकडा. इथंपर्यंत पाचपैकी पाच.

आता पहिला अर्धा तारा कापतो. माहितीपत्रक सात-आठ भाषांत आहे, पण मराठीतली अक्षरं एवढी बारीक, की ज्याच्या डोळ्यांवर शुगरचा परिणाम झालाय त्यानं ती वाचायची कशी? शेवटी धाकट्या मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

दुसरा अर्धा पट्ट्यांचा. यंत्र स्वस्त, पट्ट्या महाग. एक पट्टी मला साधारण अठरा रुपयांना पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. थेंब कमी पडला की पडद्यावर एरर, आणि पट्टी वाया. पहिल्या आठवड्यात पाच घालवल्या. आई म्हणाली, "आरं, यवढ्यात कोथिंबिरीच्या दोन पेंढ्या आल्या असत्या." पण त्याच आईनं श्रावणात पट्ट्यांचा मूळ डबा सोडून त्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या, डबा हाताला घट्ट लागतो म्हणून. पट्टीवर एन्झाइम असतं, त्याला दमटपणा सोसत नाही. म्हणूनच डब्यात ओल शोषणारी सोय आणि झाकण घट्ट असतं. बाहेर कोल्हापूरचा पाऊस. एकोणीस पट्ट्यांपैकी एकही भरवशाची राहिली नाही. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन केला, तिकडून हिंदीत माझंच चुकलंय असं सौजन्यानं समजावलं. चूक आमचीच होती, पण डबा म्हाताऱ्या माणसाला उघडता येईल असा करायला काय हरकत आहे? उघडल्यावर पट्ट्या किती दिवस चालतात ते डब्यावर लिहिलेलं असतं. मी आता उघडल्याची तारीख स्केचपेननं झाकणावर टाकतो.

आकडा खरा असतो का, हे सगळ्यांनी विचारलं. मी एका सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं आणि तिथंच बाकावर बसून यंत्रानंही मोजलं. लॅब 108, यंत्र 117. मला वाटलं फसलो. पण यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 15197, तेच सांगतं, की 100 च्या वर शंभरातले पंचाण्णव आकडे लॅबच्या 15 टक्के आत असले की यंत्र पास. 100 च्या खाली 15 अंकांच्या आत. म्हणजे माझं यंत्र कायद्यात बसतं. लागोपाठ दोन बोटांचे आकडे 121 आणि 129 आले तर घाबरायचं नाही आणि भांडायचंही नाही. आमच्याकडं तोलाईत एवढा फरक आला तर शेतकरी काटा उलटा करेल, पण इथं चालतं. म्हणूनच या यंत्रावर डायबेटिस आहे की नाही ते ठरवायचं नसतं. ते काम लॅबचं. यंत्र दिशा दाखवतं.

आता माझे प्रयोग. रीत अशी: खायच्या आधी एक आकडा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा. एकच आकडा घेऊन काही कळत नाही, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवरच्या पट्ट्यांचे पैसे शिकवणीत धरले.

सगळ्यात आधी ज्यावर माझं पोट चालतं ते तपासलं. सलग दोन सकाळी, उपाशीपोटी, एकाच कपात, एकाच चमच्यानं. पहिल्या दिवशी दोन चमचे साखरेचा चहा, दुसऱ्या दिवशी वजन करून तेवढाच गूळ. चहाला तासाभरानंच मोजलं. साखरेचा: 111 वरनं 158. गुळाचा: 113 वरनं 154. चार अंकांचा फरक तर यंत्राच्या चुकीतच बसतो. गूळ आमच्या पेढीवरचा, भेंडीच्या रसानं मळी काढलेला, पिवळाधमक, कसलीही पावडर नाही. रक्ताला त्याचं काही कौतुक नाही. गुळात थोडं लोह आणि पोटॅशियम असतं हे खरं, पण बाकी बहुतेक सगळी साखरच. चहात पडतो तेवढ्या गुळातनं मिळणारं लोह हिशेबात धरण्याइतकंही नाही.

हे मी शेठना सांगितलं. शेठ बराच वेळ पडद्याकडं बघत बसले, मग म्हणाले, "दिवाणजी, खरं असंल. पण गिऱ्हाइकासमोर हे यंत्र काढायचं नाही."

गिऱ्हाइकं काय म्हणतात ते ऐकून आहे ना मी. पुण्या-मुंबईचे लोक अंबाबाईचं दर्शन घेऊन येतात आणि विचारतात, "शुगरवाल्यांना चालणारा सेंद्रिय गूळ आहे का?" पूर्वी मी 'हो, हा घ्या' म्हणून मोकळा व्हायचो. आता म्हणतो, गूळ चांगला आहे, सणाला पुरणपोळीत घाला, पण शुगरवाल्याला साखर आणि गूळ एकाच मापानं धरा. अजून एकही गिऱ्हाईक परत गेलेलं नाही, दोन-चार किलो कमी नेत असतील.

मग भाकरी. आमच्याकडं समजूत अशी, की भात वाईट आणि ज्वारीची भाकरी म्हणजे औषध. दोन भाकरी, वांग्याची भाजी, खुर्चीत बसून: दोन तासांनी 166. मोठी वाटी भात आणि आमटी: 178. भाकरी बरी आहे, पण औषध नाही. तीही पिष्टच. खरा फरक पडला तो दोनची एक भाकरी करून मटकीची उसळ आणि काकडी-मुळा वाढवल्यावर: 138.

रविवारच्या मटणानं मला चकवलं. मला वाटलं होतं तांबडा-पांढरा म्हणजे आकडा छताला लागणार. दोन वाट्या रस्सा, मटण आणि एक भाकरी: 134. पुढच्या रविवारी तेच ताट, वर ताटभर भात: 181. मी खुश होऊन डॉक्टरांना फोन केला, की रस्सा निर्दोष सुटला. ते म्हणाले, "तेल आणि चरबी त्या पडद्यावर लगेच दिसत नाही. ती टेपवर दिसते." मिसळीचंही तसंच. कट आणि मोडाचं कडधान्य यांनी फारसं केलं नाही, पण मूठभर फरसाण आणि चार स्लाइस ब्रेडनी 189 पर्यंत नेलं. मी मिसळ सोडलेली नाही. ब्रेड एकच घेतो, आणि हॉटेलवाल्यानं जास्तीचे स्लाइस आणून ठेवले की शेजारच्याकडं सरकवतो.

पण वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद खाण्याची नाही. सप्टेंबरमधले लागोपाठ दोन दिवस, डबा सारखाच. एके दिवशी जेवून गादीवर बसलो: 172. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या यार्डात वीस मिनिटं चाललो: 139. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढतो, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गोडाऊनला दुसरं दार असतं म्हणायचं, फक्त ते हलल्याशिवाय उघडत नाही. तेव्हापासून दुपारी मी यार्डाला फेऱ्या मारतो. हमाल पहिल्या आठवड्यात ओरडायचे, "दिवाणजी, नुसतं काय फिरताय, चार रवे घेऊन फिरा की!" रवा म्हणजे आमच्याकडं गुळाची ढेप.

आता नोव्हेंबरची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. दिवाळी पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा होऊन हंगाम जोरात होता. सकाळपासून रवे बघत होतो. गूळ बघायचा म्हणजे नखानं कोपरा खरवडायचा, बोटांत चुरायचा, कण किती आहे ते बघायचं आणि जिभेवर ठेवायचा. दुपारी डबा खाल्ला, चमच्यानं, घाई होती. दोन तासांनी गादीवरच यंत्र काढलं, टॉवेलला हात पुसले, टोचलं. 287.

माझ्या कानशिलात गरम झालं. दुसरं बोट टोचलं. 311. आईची लेसरची तारीख आठवली, तिचे सुजलेले पाय आठवले. चार महिने भात कमी केला, फेऱ्या मारल्या, आणि हे? मुनीम पोरगं समोर पाणी घेऊन उभं. डॉक्टरांना फोन लावला.

त्यांनी एकच विचारलं, "हात धुतले होते का?"

"पुसले होते."

"तुम्ही काम काय करता?"

नळावर गेलो. साबण लावून धुतले, नखांत ब्रश घातला, स्वच्छ रुमालानं कोरडे केले, तिसरं बोट टोचलं. 131.

घरी आल्यावर मी याचा हिशेब मांडला. पट्टी रक्त घेते अर्धा मायक्रोलिटरच्या आसपास. एवढ्याशा रक्तात ग्लुकोज असतं ते अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे डोळ्याला दिसणार नाही एवढं. बोटाच्या रेषेत अडकलेला गुळाचा अंश त्यापुढं डोंगर. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, साधी साखर तिला तशी दिसत नाही. पण गुळात साखरेबरोबर सुटं ग्लुकोजही थोडं असतंच, आणि तेवढं पुरलं. फळं सोलून टोचलं तरी हेच होतं म्हणे. माहितीपत्रकात 'हात धुवा' लिहिलंय, पण ते 'दात घासा' म्हणतात तशा सुरात. खरं तर खोक्यावर लाल शाईनं छापायला पाहिजे. उरलेला अर्धा तारा इथं गेला.

दुसऱ्या दिवशी यार्डभर झालं, दिवाणजीची शुगर 311. हमाल गोळा झाले. "माझी पण बघा की." मी नाही म्हटलं, आणि ते बरं केलं. टोचायचं पेन एकानं दुसऱ्याला द्यायचं नसतं, सुई बदलली तरी. पेनाच्या टोकाला रक्त लागलेलं असतं, आणि त्यातनं काविळीसारखा आजार जाऊ शकतो. वापरलेल्या सुयाही मी जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवतो, कचऱ्यात सुट्या टाकत नाही. त्यांना म्हटलं, तीस वर्षांपुढच्या माणसाची शुगर आणि बीपी सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात, तिकडं जाऊया. सहाजण आले. त्यातला दिवसभर गूळ तोंडात टाकणारा मामा, वय साठीला टेकलेलं, अगदी नॉर्मल निघाला आणि वर मलाच हसला. पण एक जण, वय 38, अंगानं काठीसारखा, 263. महिनाभर रात्री चार-चार वेळा उठत होता, तांब्या-तांब्यानं पाणी पीत होता, आणि 'हंगामाची उष्णता' म्हणून सोडून देत होता. सुटलेल्या पोटालाच शुगर होते असं काही नाही. आता त्याच्या गोळ्या सुरू आहेत. त्याला दवाखान्यात घेऊन गेलो नसतो तर काय, हा विचार मी फार करत नाही.

फेब्रुवारीत माझा लॅबचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी 5.8. वजन 81 वरनं 76, कंबर 92. पट्टा अजून सुटलेला नाही, पण उंबऱ्यातनं पाय बाहेर आलेत. यात यंत्राचं श्रेय किती? डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच दोन आकडे लिहून दिले होते. 2002 मध्ये अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास: आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम आणि वजनात सात टक्के घट हे ध्येय ठेवलेल्या लोकांमध्ये डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी. 2006 मध्ये आपल्याकडचा चेन्नईचा अभ्यास: खाणं-चालणं सुधारून 28.5 टक्क्यांनी कमी. आपल्या लोकांचा आकडा लहान बघून मी नाराज झालो, तर म्हणाले, "तिथं चेन्नईत मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीनंही 26.4 टक्केच कमी झालं. म्हणजे तुमच्या फेऱ्या गोळीच्या तोडीच्या आहेत, आणि फुकट आहेत." त्या दोन्ही अभ्यासांत लोकांना कुणी घरी यंत्र दिलं म्हणून ते सुधारले नव्हते. माझं तसं नाही. मला कुणी 'चाल' म्हटलं असतं तर चाललो नसतो. 172 आणि 139 शेजारी-शेजारी लिहिलेले बघितले आणि चाललो.

तेव्हा घ्यायचं कुणी? घरात शुगरचा माणूस असेल, विशेषतः गोळ्यांमुळं किंवा इन्सुलिनमुळं साखर उतरायची भीती असेल, तर घ्याच. आईला परवा पहाटे घाम फुटला तेव्हा 64 दिसलं म्हणून तिला लगेच साखरपाणी दिलं. हो, तिथं गूळही चालला असता. माझ्यासारखा उंबऱ्यावरचा असेल तर दोन डबे पट्ट्यांचे घ्या, वही घाला, आपलं ताट ओळखा आणि मग थांबा. रोज सकाळी उठून आकड्याची पूजा करणाऱ्यांनी घेऊ नये. आमच्या गल्लीत एक जण दिवसाला सहा वेळा टोचतो आणि एकदाही चालायला जात नाही.

दीड तारा कापला तरी मी यंत्र कुणाला विकणार नाही. यंत्रातला सेल संपला तेव्हा तारीख-वेळ पुसली गेली आणि दोन आठवड्यांच्या नोंदी उलट्यापालट्या झाल्या, तरी नाही. वहीत सगळं आहेच.

गेल्या आठवड्यात दुपारी शेठनी केबिनमधनं हाक मारली. दार लावून घ्या म्हणाले. टेबलावर नवं कोरं खोकं, माझ्याच यंत्राचं. पट्टी उलटी घातलेली.

"दिवाणजी, हे चालू कसं करायचं? हात धुऊन बसलोय मघापासनं."

दोन्ही हातांतनं पाणी निथळत होतं, रोजकीर्दीवर थेंब पडत होते. पाण्यानं थेंब पातळ होऊन आकडा खोटाच कमी दाखवेल. मी रुमाल पुढं केला.

"आधी पुसा, शेठ."